रेवासाठी नर: रिपोर्ट आले, यादीत एकच उरला

माझी कुत्री रेवा हिच्या पुढच्या सीझनसाठी (माजासाठी) नर शोधायचं काम मार्गी लागलंय. तिन्ही नरांचे डीएनए रिपोर्ट आले आणि त्यातले दोन बाद झाले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: रेवा ब्लू मर्ल बॉर्डर कॉली. मर्ल म्हणजे अंगावर फिकट-गडद ठिपके आणणारा, जनुकात घुसलेला डीएनएचा तुकडा. तिच्यात मर्लची एक प्रत, लांबी 267 बेस पेअर (डीएनए मोजायचं एकक), म्हणजे सरळ क्लासिक मर्ल; दुसरी प्रत साधी. त्यामुळे नर बिनमर्लच हवा, यात घासाघीस नाही. मर्लला मर्ल लावला की सरासरी चारातलं एक पिल्लू डबल मर्ल, म्हणजे दोन्ही प्रती मर्ल. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 153 मर्ल कुत्र्यांचे कान तपासले होते. एक प्रत असलेल्यांत दोन्ही कानांनी बहिरी 0.9 टक्के निघाली, दोन प्रती असलेल्यांत 15 टक्के. शिवाय आणखी 10 टक्के एका कानाने. बारीक राहिलेले डोळे, मध्यातून सरकलेली बाहुली हे वेगळंच. रंगपेशी नुसत्या केसांपुरत्या नसतात, आतल्या कानालाही लागतात. तिथे त्या नसल्या की जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकायच्या पेशी मरतात. आणि पिल्लू भावंडांचं बघून उठतं-धावतं, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता नर. पहिला सोनेरी, सगळ्यांचा लाडका. स्वभाव उत्तम, हिप्स चांगले, अंगावर मर्लचा एक ठिपका नाही. रिपोर्टमध्ये मात्र लांबी 266, म्हणजे मर्लच! मर्ल फक्त काळ्या आणि चॉकलेटी रंगद्रव्यावर चालतो, तांबूस-पिवळ्याला हात लावत नाही. या सोनेरी कुत्र्यांच्या केसांत काळं बनतच नाही, मग मर्ल दिसणार कुठे? कागदावर नुसतं ‘गोल्ड’. मालक चाटच पडले; आता ते त्याच्या आधीच्या पिल्लांच्या घरी फोन लावतायत. असा माणूस पुन्हा भेटला तर मी त्याच्याकडून डोळे मिटून पिल्लू घेईन. (रिपोर्ट मात्र मागेनच.)

दुसरा ट्रायकलर, दिसायला चोख काळा, लांबी 218. क्रिप्टिक, म्हणजे लपलेला मर्ल. पीएमईएल जनुकात घुसलेल्या तुकड्याला जी ए-ए-ए अशी शेपटी असते, तिच्या लांबीवर सगळा खेळ. तुकडा 2006 मध्येच सापडला होता, शेपटीचा हिशोब नंतर उलगडत गेला. इतक्या आखूड शेपटीने रेवाच्या पिल्लांना अपाय होईल असं मला वाटत नाही. तरीही नको. त्यातली काही पिल्लं ‘साधी काळी’ म्हणून घरोघरी जाणार आणि पुढचा मालक कागद न बघता मेटिंग लावणार. पेशी विभागताना शेपटी बदलते, बहुधा आखडते, क्वचित वाढते. एकाच कुत्र्यात दोन-तीन लांब्याही सापडतात. म्हणूनच ‘पॉझिटिव्ह/निगेटिव्ह’ एवढंच छापणाऱ्या लॅबचा मला उपयोग नाही. आकडा हवा, आणि मुख्य आकड्यासोबत छोटे असतील तर तेही.

तिसरा काळा-पांढरा, दोन्ही प्रती साध्या. रेवा सोनेरी रंगाची वाहक आहे, त्यामुळे नर बिनमर्ल असूनही सोनेरी किंवा वाहक निघाला असता, तर काही पिल्लांत मर्ल पुन्हा झाकला गेला असता. हा वाहकसुद्धा नाही. ठरला!

डीएनए टेस्टचा स्वॅब (तोंडातून ब्रशने घेतलेला नमुना) कसा घ्यायचा, हे परत विचारलं गेलं. गालाच्या आत, हिरडीच्या वरच्या बाजूला ब्रश टेकवून फिरवायचा. नुसती लाळ पुसून भागत नाही. त्याआधी थोडा वेळ खाणं नाही आणि दुसऱ्या कुत्र्याच्या भांड्यात तोंड नाही. पिणाऱ्या पिल्लांना आईपासून बाजूला ठेवून मगच घ्या, नाहीतर आईचाच डीएनए जातो.

पुढचं: सीझन आला की दिवस ठरवायला प्रोजेस्टेरॉन हार्मोनची तपासणी, मग मेटिंग. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की सगळ्यांची बेअर टेस्ट (ऐकण्याची तपासणी), काळ्यांचीही. निम्मी मर्ल ही सरासरी झाली. अख्खा लिटर काळा निघू शकतो. ‘निळ्या डोळ्यांचं मर्लच द्या’ म्हणणाऱ्यांना हे आत्ताच सांगून टाकलंय. दोघांनी यादीतून नाव काढून घेतलं, बरं झालं.