सर आणि त्यांची हवेची व्याख्या

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत गॅदरिंग, सहली, स्पोर्ट्स यावर बाकीचे लिहितीलच, मी हवेवर लिहितोय, कारण शाळेत शिकलेलं सगळ्यात पक्कं बसलं ते तेच.

विज्ञानाच्या सरांना ‘हवा म्हणजे वायूंचं मिश्रण’ एवढं उत्तर कधी चालायचंच नाही. लगेच पुढचा प्रश्न, अरे पण कोणत्या वायूंचं, किती किती, आणि हवा कोरडी धरलीस की दमट? आम्हाला वाटायचं केवढा कीस पाडतात, पण खरंच त्याशिवाय व्याख्या पुरी होत नाही. कोरड्या हवेत आकारमानाने नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५, अरगॉन ०.९३, कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ आणि मग निऑन, हेलियम वगैरे अगदी किंचित. ‘आकारमानाने’ म्हणायचंच, कारण वजनाने मोजलं तर ऑक्सिजन २३ टक्क्यांवर जातो, त्याचा रेणू जड ना. आणि ‘कोरडी’ का, तर बाष्प कुठे जवळपास शून्य असतं तर कुठे ४ टक्क्यांपर्यंत, ते वाढलं की बाकी सगळ्यांचे टक्के उतरतात, मग ठरलेला आकडा देणार कसा?

अरगॉनची गोष्ट सर फार रंगवून सांगायचे. रॅले नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून बनवलेला नायट्रोजन दोन्ही तोलले, तर हवेतला जेमतेम अर्धा टक्का जड भरला, दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं पण तो मागेच लागला, आणि १८९४ मध्ये त्याने आणि रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने मिळून सांगितलं की हवेत आणखी एक वायू आहे जो कशाशीच संयोग पावत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त असून तोपर्यंत कुणाला पत्ता नव्हता!

आणि तो मेणबत्तीचा प्रयोग. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा, पाणी वर चढतं आणि लोक म्हणतात ऑक्सिजन संपला म्हणून तेवढं पाणी आत आलं. सर म्हणायचे, नीट बघा रे, ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे निघतात, म्हणजे गरम होऊन फुगलेली हवा बाहेर चालली, आणि पाणी झपकन चढतं ते ज्योत विझल्यावर, आतली हवा गार होऊन आकसते तेव्हा. मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच उरलेला असतो. मग त्यांनी परीक्षानळीच्या बुडाशी ओलं स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा, दाबून बसवलं, नळी पाण्यात उपडी केली आणि काही दिवस तशीच ठेवली. लोखंड गंजलं, गंजताना ऑक्सिजन घेतला, आणि पाणी साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढून तिथेच थांबलं, त्यापुढे कितीही दिवस ठेवा हलत नाही.

आत्ताच्या विज्ञान शिक्षकांना मनापासून विनंती, मेणबत्तीचा प्रयोग जरूर दाखवा, पण सोबत ही नळीसुद्धा लावून ठेवा, आणि पाणी का थांबलं हे मुलांनाच विचारा.