घुमटीतला उजेड

डेक्कन जिमखान्याच्या नदीकडच्या अंगाला आमचे जुने दगडी घर आहे आणि त्याच्या जिन्याच्या डोक्यावर, गच्चीहूनही उंच, एक लहानशी अष्टकोनी घुमटी आहे. आठही बाजूंना सागवानी चौकटीत बसवलेल्या काचा, काचांखाली झिलमिली, वर जस्ती पत्र्याचे निमुळते छप्पर आणि त्यावर कळस. आजोबांनी ती बांधली ती शोभेपेक्षा हवेसाठी. उन्हाळ्यात घरातली तापलेली हवा जिन्यातून वर चढते, झिलमिलीतून बाहेर पडते आणि खालच्या खोल्यांत वारा खेळता राहतो. दिवसा तिच्या काचांतून जिन्यात उजेड उतरतो; रात्री मात्र कित्येक वर्षे ती माथ्यावर नुसती काळी उभी असे. यंदा मी तिच्यात दिवे लावून घेतले.

तिच्यात उजेड पहिल्यांदाच आला असे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हा घरची सगळी माणसे याच जिन्याने गच्चीवर आली होती. त्या रात्री वीज नव्हती. आजीने घुमटीच्या मधोमध असलेल्या पितळी आकडीला कंदील टांगला आणि तो पहाटेपर्यंत जळत ठेवला, आसपासच्या गच्च्यांवर बसलेल्यांना इथे माणसे आहेत हे दिसावे म्हणून. आईने हे मला इतक्यांदा सांगितले आहे की घुमटीत दिवा असावा, ही इच्छा माझी की तिची, हे मला सांगता येणार नाही.

पहिला प्रयत्न चुकीचा झाला. नेहमीच्या वायरमनच्या सल्ल्याने मी गच्चीच्या कठड्यावर पांढऱ्या प्रकाशाचा एक मोठा फ्लडलाइट बसवून त्याचा झोत घुमटीवर टाकला. काचांवरून तो प्रकाश परतू लागला, सागवान राखाडी दिसू लागले, पत्र्याचा प्रत्येक पोचा उठून दिसला आणि दुसऱ्याच रात्री समोरच्या काकूंनी हाक मारली : ‘‘अगं, तुमचा दिवा थेट माझ्या उशीवर येतो.’’ त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. त्यातच जूनच्या पहिल्या जोरदार पावसात मध्यरात्री घराची वीज गेली. सकाळी पाहिले तेव्हा लक्षात आले की वायर जंक्शन बॉक्समध्ये वरच्या बाजूने घातली होती, त्यामुळे पाणी वायरीच्या अंगाने ओघळत थेट आत गेले होते. मुख्य पॅनेलमधल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचने, वेळीच वीज तोडली म्हणून कोणाला धक्का बसला नाही. ज्यांच्या जुन्या घरात आरसीसीबी नसेल आणि अर्थिंग तपासून वर्षे लोटली असतील, त्यांनी गच्चीवर वीज नेण्याआधी ती दोन कामे करावीत, दिव्यांची निवड त्यानंतर.

दुसऱ्या वेळी मी सारा विचार उलट बाजूने केला. घुमटीवर प्रकाश टाकायचा नाही, तिच्या पोटातून तो बाहेर येऊ द्यायचा. काचांच्या वर, जिथे छप्पर टेकते तिथे, आतून चार बोटे रुंदीची लाकडी पट्टी आठही बाजूंनी फिरते. तिच्या वरच्या अंगावर, खालून दिसणार नाही अशा बेताने, अॅल्युमिनियमच्या पन्हळीत एलईडीची पट्टी बसवली. तिचा प्रकाश छपराच्या आतल्या चुना दिलेल्या फळ्यांवर पडतो आणि तिथून मऊ होऊन काचांतून बाहेर येतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दिवा कुठे आहे हे कळत नाही. रंगासाठी २७०० केल्विनची, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाशाची पट्टी घेतली, कारण ६५०० केल्विनच्या निळसर प्रकाशात सागवान मरगळते आणि पहिल्या पावसानंतरच्या पंखवाल्या वाळव्याही अशा प्रकाशाकडे जास्त ओढल्या जातात. अॅल्युमिनियमची पन्हळ केवळ नेटकेपणासाठी नाही : पत्र्याखाली मे महिन्यात जी उष्णता कोंडते ती एलईडीचे आयुष्य खाते, आणि धातूमुळे निदान पट्टीची स्वतःची उष्णता निघून जाते. ‘धूळ आणि डास येतात’ म्हणून झिलमिली बंद करून टाकण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो मी ऐकला नाही.

घेर सुमारे सहा मीटर, त्यातल्या सात बाजूंना मिळून सुमारे सव्वापाच मीटर पट्टी लागली, मीटरला ४.८ वॅटची, म्हणजे एकूण सुमारे २५ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेतून पट्टीला लागणारा कमी व्होल्टचा पुरवठा देणारा डबा, वर न ठेवता जिन्याखालच्या कपाटात ठेवला, कारण तिथे तो कोरडा आणि थंड राहतो आणि बिघडला तर शिडी लागत नाही. पण त्यामुळे वायर १५ मीटर लांब झाली. अशा वेळी १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. तेवढ्याच वॅटसाठी निम्माच प्रवाह लागतो, आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १२ व्होल्टवर जिथे जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच गळाले असते, तिथे २४ व्होल्टवर अर्धा व्होल्टही गळत नाही. ड्रायव्हर ४० वॅटचा घेतला, म्हणजे त्याच्यावर सतत पूर्ण भार येत नाही. गच्चीवर वायर पाइपातूनच नेली. बॉक्स आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारा आहे, पण तो दर्जा ग्लँड, म्हणजे वायर आत शिरते तिथली आवळायची बूच, घट्ट असेल तरच खरा. वायर या वेळी खालून आत शिरते आणि शिरण्याआधी एक झोळ घेते, त्यामुळे पाणी झोळाच्या तळाशी गोळा होऊन तिथूनच टपकते.

वायरमन आकडी काढायला निघाले होते. आई जिन्यातूनच म्हणाली, ‘‘दादा, तेवढी राहू द्या.’’ आकडी राहिली.

पट्टी आठांपैकी सातच बाजूंना लावली आहे. उत्तरेकडच्या काचेबाहेरच्या कंगोऱ्यावर हिवाळ्यात एक गव्हाणी घुबड येऊन बसते आणि माझ्या हौसेपायी त्याने जागा सोडावी हे मला पटेना. टायमर सूर्यास्तानुसार चालतो. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या आसपास, त्यामुळे ठरावीक वेळेचा टायमर दर दोन महिन्यांनी हलवत बसावे लागले असते. दहा वाजता दिवे बंद होतात. खर्च महिन्याला तीन युनिटांच्या आतबाहेर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी काचा पुसायच्या, ग्लँड पुन्हा आवळायच्या आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून पाहायचे, एवढे काम मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहे. समोरच्या काकू आता सांजवात झाली की आपल्या खिडकीचा पडदा बाजूला सारतात.