गल्ला वेगळा, उमेदवारी वेगळी

शुक्रवार, रात्र

सोलापूरच्या नव्या पेठेतला दुकानदार किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला विधानसभेला उभा राहायचं म्हणतो, तेव्हा गप्पा मतांच्या बेरजेच्या होतात. कागदाची आठवण शेवटच्या दोन दिवसांत येते. जीव तुटतो तो इथेच. चांगला माणूस मतदारापर्यंत पोचतच नाही, उमेदवारी अर्जाच्या छाननीत बाद होतो.

सगळ्यात आधी पाहायचं ते लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९-अ कलम. सोलापुरात गणवेश शिवणारे कितीतरी. राज्य सरकारला माल पुरवायचा करार उमेदवाराच्या नावावर चालू असेल, तर तो अपात्र. 'करार फर्मचा आहे, माझा नाही' हे प्रोप्रायटरला म्हणता येत नाही, कायद्याला दोघं एकच. मात्र माल पूर्ण पोचलाय आणि नुसतं बिल अडकलंय, तर करार संपला असं धरतात. म्हणून शेवटच्या गठ्ठ्याची सही-शिक्क्याची, तारखेची पोच जपायची. दोनशे नग 'उद्या पाठवू' म्हणून राहिले आणि छाननीचा दिवस उजाडला, की तेवढ्यावर सगळं जातं.

शपथपत्र नमुना २६ मध्ये. पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न, पत्नीच्या नावावरचे माग, गोदामातला माल, बँकेच्या सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) थकलेली रक्कम, सगळं त्यात. एकही रकाना कोरा नको, 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं.

अपक्षाला १० सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे) लागतात, सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण यांच्या हद्दी इथे इतक्या गुंतलेल्या, की शेजारच्या गाळ्यातला जिवलग मित्र मतदार भलतीकडचा निघतो. तोंडी विचारून भागत नाही, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक डोळ्यांनी बघावा. अर्ज चारपर्यंत भरता येतात, अनामत एकदाच, १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातीला ५,०००). चारही अर्जांवर वेगवेगळे दहा जण घ्यावेत, म्हणजे एक सही चुकली तरी तीन अर्ज उरतात. आणि अर्ज दिल्यावर राज्यघटनेशी निष्ठेची शपथ! छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती घ्यावीच लागते. हार-तुऱ्यांत नेमकी हीच राहते.

रविवार

आज खर्चाचंच डोक्यात आहे. मर्यादा ४० लाखांची, पण लहान व्यापारी तिथवर जात नाही. त्याला बाधते ती गल्ल्यातून पैसे काढायची सवय. निवडणुकीचं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडायचं. एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर चालतं, बायको-भावाबरोबर नाही. एका माणसाला अख्ख्या निवडणुकीत रोख फक्त १०,००० पर्यंत. मंडपवाल्याला चार-चार हजार तीनदा दिले, तर बेरीज बारा हजारच धरतात.

दुकानाचा टेम्पो प्रचाराला फिरला, तर डिझेल नव्हे, ठरलेल्या दराने भाडं खर्चात पडतं. टॉवेलवाल्यानं तर जास्तच जपावं. प्रचाराच्या जीपमध्ये १०,००० रुपयांवरच्या भेटवस्तू सापडल्या तर जप्त होतात, आणि आपल्याच कारखान्याचा गठ्ठा भेटवस्तू नाही हे रस्त्यावर पटवून देणं अवघड. विक्रीचा माल दुसऱ्या गाडीतून, बिल आणि ई-वे बिलासह जावा.

पत्रकं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी चार भाषांत निघतात. प्रत्येकीवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. मराठीवर असतो, तेलुगूवर विसरतो.

२०२४ ला अर्जाची मुदत २९ ऑक्टोबरला संपली, ३० ला छाननी, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, ४ ला माघार. ऐन धंद्याच्या आठवड्यात हे सगळं. वहीपूजनाची वही आणि निवडणूक खर्चाची नोंदवही एका टेबलावर येते ती अशी. नोंदवहीची पांढरी पानं रोजच्या खर्चाला, गुलाबी रोखीला, पिवळी बँकेला. ज्याला रोजमेळ लिहायची सवय आहे त्याला हे जड नाही, फक्त त्याच रात्री लिहावं. प्रचारात तीनदा तरी तपासणी होते, आणि निकालापासून ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालासुद्धा. हरलेला दुकान उघडून बसतो आणि नोंदवही गल्ल्याखाली राहते. पुढे तीन वर्षं निवडणूक लढवायची बंदी येते ती त्या वहीपायी.