अमळनेरच्या घरातली घरघर

आबांची जुनी टर्नटेबल गेल्या दिवाळीत माळ्यावरून काढली, नवी सुई बसवली. पण रेकॉर्ड लावण्याआधीच स्पीकरमधून घूंऽऽऽ. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाई काय वाजी ऱ्हायनं?"

आवाज जाड, सलग होता. आपली वीज 50 हर्ट्झची, तसाच खर्जातला. अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारे भाग) थकले की 100 हर्ट्झची, जरा करकरीत घरघर येते. ही ती नव्हती. मग एकेक वायर काढत गेलो. टीव्हीचा ऑडिओ काढला, तरी घूं. सेट-टॉप बॉक्सची केबल काढली आणि घर एकदम शांत! केबलवाल्याची वायर बाहेरून वेगळं अर्थिंग घेऊन येत होती. दोन ठिकाणी अर्थ मिळाला की वायरींचं एक मोठं वेटोळं तयार होतं आणि त्यातून घरच्या विजेचा प्रवाह सिग्नलच्या शील्डवर, म्हणजे वायरीतल्या बाहेरच्या जाळीवर, फिरतो. केबलच्या वाटेत आयसोलेटर बसवला, म्हणजे सिग्नल जाऊ देणारा पण अर्थची जोडणी तोडणारा डबा, प्रश्न मिटला.

प्लगची अर्थ पिन मात्र कुणी कापू नका. घूं जाते हे खरं, पण बिघाड झाला तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यातच करंट उतरतो. घरात लेकरं आहेत.

राहिली बारीक चरचर. ती पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची. टर्नटेबलची वायर त्या बोर्डापासून दोन हात लांब नेली. आपल्याकडे मे महिन्यात जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. म्हणून आता दर रविवारी त्यात दोन बादल्या पाणी ओततो.

काल रात्री आबा डोळे मिटून रेकॉर्डची पूर्ण बाजू ऐकत बसले.