तिथी बघून सायकल काढा: नेरूळ ते दिवाळे, चैत्रातली एक सकाळ

नवी मुंबईत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला कधी यावं असं विचारलं की 'सकाळी लवकर' एवढंच उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. पाम बीच रोडलगतच्या पाणथळींवर पक्षी असतात ते खाडीला भरती असताना. ओहोटी लागून चिखल उघडा पडला की सगळा थवा चरायला तिकडे जातो आणि मागे उरतात शेकाटे नि ढोकऱ्या. रविवारी गाडी काढून येणाऱ्यांना त्या रविवारी जी भरती असेल ती पदरात पडते. आपण निवृत्त माणसं वार न बघता तिथी बघू शकतो. पेन्शनचा हा फायदा फारसा कोणी सांगत नाही.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. दशमी असेल तर साडेसात, म्हणजे सकाळी साडेसाताच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. आत खाडीत पाणी चढायला थोडा उशीर होतो, तेवढी सूट धरा. अष्टमीला सहाची भरती येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी, लेचीपेची. चिखल पुरता झाकला जात नाही आणि बरेच पक्षी खाडीतच थांबतात. म्हणून दशमी ते द्वादशी या तिथी मला सोयीच्या वाटतात. यंदा चैत्रातली शुद्ध दशमी धरली.

निघण्याआधी झाडं. उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी उजाडायच्या आत घालावं, नाहीतर निम्मं उडून जातं. कुंडीत दोन बोटं पालापाचोळा पसरलेला असेल तर दुपारपर्यंत ओल टिकते. मोगरा बहरात होता. जास्वंदीने मात्र काम काढलं. कोवळ्या शेंड्यांच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण, आणि खोडावर मुंग्यांची रांग. मुंग्या जास्वंदीवर ये-जा करताना दिसल्या की पानं उलटून बघायची. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढलं. निंबोळीचं तेल संध्याकाळसाठी ठेवलं, कारण ते मारून वर ऊन लागलं तर पानं करपतात. कढीपत्त्याच्या फांदीला शिंजिराचं घरटं लोंबतंय. कोळिष्टकांनी विणलेलं, बाहेरून वाळक्या सालींचे नि अळ्यांच्या विष्ठेचे तुकडे डकवलेलं, लांबून कचराच वाटावा असं. मादी एकटी ते बांधते. तिच्यासाठी त्या कोपऱ्यात आम्ही सध्या कपडे वाळत घालत नाही, आणि घरट्याचा फोटो काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

सव्वासहाला सायकल काढली. पाम बीच रोड वाशी ते बेलापूर साधारण १० किलोमीटर, सपाट, गुडघ्यांना मानवणारा. पण पहाटेचा रिकामा रस्ता म्हणजे सुसाट गाड्या. हेल्मेट हवंच, मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवावा, आणि अगदी डावी कड सोडू नये. नेरूळहून बेलापूरकडे जाताना आपण वस्तीच्या बाजूला असतो, पाणथळी उजवीकडे. टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या सिग्नलला उतरून सायकल ढकलतच रस्ता ओलांडायचा. संस्थेच्या आवारात शिरायचं नाही, बाहेरूनच बघायचं. कुठे रखवालदाराने हटकलं तर हुज्जत न घालता दहा पावलं पुढे जावं, पक्षी तिथूनही दिसतात.

सकाळी जाण्याचा दुसरा फायदा उजेडाचा. पाणी पश्चिमेला, ऊन आपल्या पाठीवर. संध्याकाळी याच जागी समोरून ऊन येतं आणि नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात.

पोचलो तेव्हा थवा काठापासून बराच जवळ होता. आवाज आधी येतो, बदकांच्या कलकलाटाच्या जवळ जाणारा, अखंड. बहुतेक छोटे रोहित, गडद लाल चोचीचे. मध्ये उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक असलेले थोडे मोठे रोहित. करड्या रंगाची दिसली ती पिल्लं. रंग अन्नातल्या द्रव्यांमुळे चढतो, त्यांना वेळ आहे. एकाला बराच वेळ न्याहाळलं. मान खाली, डोकं उलटं, चोच पाण्यात, आणि स्वतः जागच्या जागी गोल फिरत पायांनी चिखल ढवळतोय. पलीकडे गॉडविट या लांब चोचीच्या पाणपक्ष्यांच्या माना तांबूस होऊ लागल्या होत्या, म्हणजे त्यांचे उत्तरेला निघायचे दिवस आले.

फोटोसाठी महागडी लेन्स लागतेच असं नाही. माझा लांब झूमचा साधा कॅमेरा आणि एकपायी स्टँड पुरतो. मागे काळपट कांदळवन असलं की कॅमेरा फसतो नि पक्षी पांढरेफटक येतात, तेव्हा एक्स्पोजर उणे ०.७ करा. उडत्या पक्ष्यांना शटर १/१६०० च्या खाली नको. आणि नऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते, मग कितीही भारी कॅमेरा असो, लांबचा फोटो मऊच येणार. पाणी उतरू लागलं की थवा उठून खाडीकडे जातो. डोक्यावरून जाताना ही थरथर फारशी आड येत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी जरूर थांबावं. ड्रोन, टाळ्या, दगड यांबद्दल लिहायची वेळ येऊ नये, पण येते. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवणारे महाभाग त्या दिवशीही होते.

ठाणे खाडीतलं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. पाम बीचच्या या पाणथळी मात्र त्याच्या हद्दीबाहेर आहेत. भरतीच्या वेळी पक्ष्यांनी टेकायचं कुठे, हा प्रश्न त्यामुळे दरवर्षी नव्याने उभा राहतो. ज्यांना सायकल जमत नाही त्यांनी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नावेने जावं. तिथेही फेऱ्या भरतीवरच ठरतात, म्हणून आधी चौकशी करून जा. हंगाम मेअखेरपर्यंत धरा. पावसाच्या तोंडावर रोहित गुजरातकडे परततात.

तिथून बेलापूरच्या किल्ला जंक्शनवरून दिवाळे गावात. ताडगोळे घेतले. बोटाने दाबून मऊ लागतील तेच घ्या, टणक असले की आत पाणी कमी आणि पोटाला जड. मासळी बाजारात मात्र टोपल्या अर्ध्याच. चार चिंबोऱ्या, थोडा जवळा. विचारलं तर मावशी म्हणाल्या, "आता भांग हाय. उधानाला या काका, तवा मासली बघा." बरोबरच आहे. डोलीला, म्हणजे प्रवाहात लावायच्या जाळ्याला, पाण्याची ओढ लागते, ती भांगात नसते. पण पुनवेच्या उधाणाला भरती दुपारी बाराच्या आसपास, सकाळी खाडीचा चिखल उघडा आणि पाणथळीवर रोहित नाहीत. पक्षी आणि मासळी एका तिथीला जमवायचं म्हणजे पंचाईतच.

परत येताना पाम बीच टाळून सीवूड्समधल्या आतल्या रस्त्यांनी आलो. दहानंतर मोठ्या रस्त्यावर सावली नाही आणि रहदारी वाढलेली असते. घरी पिशवीत चिंबोऱ्या बघून हिने विचारलं, "अहो, एवढ्याच?" मग कालनिर्णय काढून तिनेच तोड काढली. पुढच्या खेपेला त्रयोदशी. भरती पावणेदहाची, उधाण जवळ आलेलं. फोटो थोडे मऊ येतील, पण बाजारात पापलेटाची आशा आहे. तुम्हाला फोटो महत्त्वाचे असतील तर दशमीच धरा.