तुम्ही विचारलंत म्हणून: खणायचं की उकरायचं?

स्पॅनिश शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दर बॅचला येतोच. "मॅडम, खणणे म्हणजे ‘काबार’ की ‘एक्स्काबार’? आणि मग ‘एस्कार्बार’ काय आहे?" विचारणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो आणि त्यात तिन्ही शब्दांपुढे एकच इंग्रजी शब्द: डिग. घोळ तिथेच होतो. मराठीला इतकी क्रियापदं असताना आपण इंग्रजीच्या दारातून कशाला जायचं?

मी उलट विचारते, कोंबडी काय करते? "उकिरडा उकरते." विहीर खणते का? वर्ग हसतो. झालं, एस्कार्बार म्हणजे उकरणं. पायाने, नखाने, काठीने वरची माती इकडेतिकडे करायची आणि खाली काही सापडतंय का बघायचं. खड्डा पडला तर पडला. जुनी प्रकरणं उकरून काढायलाही स्पॅनिशला हेच क्रियापद चालतं. फक्त दाताच्या बाबतीत आपण ‘कोरणं’ म्हणतो. स्पॅनिश लोक दातकोरणीलाही ‘एस्कार्बादिएन्तेस’च म्हणतात.

काबार म्हणजे खणणं. हातात कुदळ-फावडं आणि अंगाला घाम. चर, खड्डा, कबर, सगळं काबार. द्राक्षमळ्यातली जमीन कुदळीने खालीवर केली, खड्डा एकही पडला नाही, तरी तेही काबारच.

एक्स्काबार मात्र मी फजिती करून घेऊन शिकले. उत्तर स्पेनमध्ये बुर्गोसजवळ आतापुएर्का नावाची टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाणीच्या रेल्वेसाठी तिथला चुनखडक कापून खोल चर काढला, त्यात गुहा उघड्या पडल्या, आणि 1978 पासून तिथे आदिमानवाचे अवशेष शोधण्याचं काम पद्धतशीर चालू आहे. मोठ्या ऐटीत मी गाईडला विचारलं, "तुम्ही इथे वर्षभर एस्कार्बार करता का?" त्याने काही न बोलता कोंबडीसारखा एक पाय मागे ओढून दाखवला. मग हसून म्हणाला, एक्स्काबार, आणि तेही उन्हाळ्यातच.

गंमत अशी की रेल्वेसाठी खडक फोडणं आणि ब्रशने हाडावरची माती झाडणं, दोन्हीला तिथे हाच शब्द लागतो. आपण एकाला खोदकाम म्हणतो, दुसऱ्याला उत्खनन. आखून, मोजून, आतला भराव बाहेर काढणं हा त्याचा गाभा. आपल्या जेसीबीच्या मागच्या सोंडेमुळे त्या यंत्राला तिकडे ‘रेत्रोएक्स्काबादोरा’ म्हणतात. हा शब्द मुलांना एकदा ऐकवला की पुन्हा विसरत नाहीत.

माझ्या चुकीत कानाचाही दोष होता. एक्स्काबार ‘व्ही’ने लिहितात आणि एस्कार्बार ‘बी’ने, पण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार एकच, त्यामुळे हे शब्द घाईत जुळे वाटतात. नातं काही नाही. काबार आणि एक्स्काबार हे लॅटिनमधल्या ‘पोकळ’ या अर्थाच्या शब्दावरून आले. त्याच घरातला ‘सोकाबार’ म्हणजे पोखरणं: नदी पुलाचा पाया पोखरते, अफवा विश्वास पोखरतात.

आता एवढं पाठ करून मेक्सिकोला गेलात तर तिथे सरळ खड्डा ‘एस्कार्बार’ करणारी माणसं भेटतील. त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका.

आणि कुत्र्याने बागेत खड्डा केला, हे वाक्य? यावर दर वर्षी वाद होतो. पंजाने माती उडवत असेल तर एस्कार्बार छान. पण बहुतेक वेळा लोक फक्त ‘आसेर उन ओयो’ म्हणतात, म्हणजे खड्डा करणे. आपणही तेच म्हणतो की.

गेल्या बॅचला एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारलं, "आणि बोअर मारायला?" त्याला ‘पेर्फोरार’. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, ‘पाणी लागेलच असं नाही’.