स्पेक्ट्रम १६के ते ४८के: वरची मेमरी बसली, आता तिची झडती

माझ्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे १९८०च्या दशकातल्या एका घरगुती संगणकात, वरच्या रॅमच्या (वाढीव ३२के मेमरीच्या) आठही जागी चिप बसल्या. मशीन सुरू होतंय आणि रॉम (आतला कायमचा प्रोग्रॅम) ४८के (किलोबाइट) मोजतेय. मागच्या नोंदीपर्यंत फक्त खालची १६के जिवंत झाली होती, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा मोठा टप्पा आहे. तरी ही नोंद मुख्यतः त्या मोजणीबद्दल आहे. रॉमने ४८के सांगितले म्हणजे ४८के धडधाकट आहेत असं होत नाही, आणि ते का, हे यावेळी प्रत्यक्ष बघायला मिळालं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला, तेव्हा १६केचं मशीन १२५ पौंडांना आणि ४८केचं १७५ पौंडांना होतं. १६केमध्ये रॅम १६३८४ ते ३२७६७ एवढीच. त्यातले ६९१२ बाइट स्क्रीनच खातो: ६१४४ ठिपक्यांचे आणि ७६८ रंगांचे. पुढे प्रिंटर बफर, सिस्टिम व्हेरिएबल्स, आणि बेसिक सुरू होतं २३७५५ ला. रॅमटॉप, म्हणजे बेसिकला वापरता येणारा शेवटचा पत्ता, ३२५९९ वर. म्हणजे प्रोग्रॅम, त्याची व्हेरिएबल्स आणि स्टॅक मिळून हाताशी उरतात साधारण ८८०० बाइट. ४८केमध्ये रॅमटॉप ६५३६७ वर जातो आणि हाच आकडा ४१६०० च्या आसपास पोचतो. ‘आउट ऑफ मेमरी’ हा संदेश १६केवाल्यांना इतका ओळखीचा का होता, ते यावरून कळेल.

माझा बोर्ड इश्यू २ (म्हणजे दुसरी आवृत्ती) आहे, त्यामुळे वरच्या मेमरीच्या जागा मुळातच तयार होत्या. इश्यू १ ला ही ३२के वेगळ्या छोट्या बोर्डावर बसवावी लागत असे. आठ मेमरी चिप, आणि त्यांना जोडणाऱ्या साध्या लॉजिक चिप: दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस३२ आणि एक ७४एलएस००, एवढंच सामान. मूळ चिप म्हणजे टेक्सासच्या ४५३२ किंवा ओकीच्या ३७३२. या खरं तर ६४ किलोबिटच्या चिप. एक अर्धा भाग सदोष निघालेला, दुसरा चांगला, म्हणून स्वस्त. कोणता अर्धा चांगला आहे ते चिपच्या क्रमांकाच्या शेवटी लिहिलेलं असतं, आणि बोर्डावरची तारेची लिंक त्यानुसार टाकायची. आठही चिप एकाच जातीच्या हव्यात. सिंक्लेअरच्या सगळ्या काटकसरींत मला ही सर्वांत आवडते: टाकाऊ ठरलेल्या सिलिकॉनमधून ३२के उभी केली आणि त्यावर हजारो लोक प्रोग्रॅमिंग शिकले.

मी मात्र पूर्ण चांगल्या ४१६४ (६४ किलोबिटच्याच चिप) घातल्या, जुन्या बोर्डांवरून काढलेल्या. घेताना एक गोष्ट बघा: अशा चिपमधली माहिती टिकवायला ती सतत ताजी (रिफ्रेश) करावी लागते, आणि झेड८० (मशीनचा प्रोसेसर) चं रिफ्रेश रजिस्टर सातच बिट मोजतं, म्हणजे १२८ ओळी. त्यामुळे १२८ ओळींत रिफ्रेश होणारीच ४१६४ घ्या. आणि वरच्या चिपना हात लावण्याआधी खालच्या १६केच्या ४११६ चिपना मिळणारे व्होल्टेज मोजा. त्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तिन्ही लागतात. उणे ५ गायब होऊन १२ चालू राहिले तर त्या चिप मरतात. वरच्या चिपना फक्त ५ पुरतात.

आता मोजणी. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेषा चमकतात ना, तीच ती. रॉम वरून खाली येत प्रत्येक बाइटमध्ये २ लिहिते. स्क्रीनच्या मेमरीतही २ जातो, म्हणून काळ्यावर लाल. मग १६३८४ पासून वर जात प्रत्येक बाइटमधून दोनदा १ वजा करते. दुसऱ्या वेळी शून्य आलं तर पुढे, नाही तर तिथेच थांबून मेमरी संपली असं धरते. शेवटचा पत्ता २३७३२ वर ठेवलेला असतो. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणे) केल्यावर मला ६५५३५ मिळाले.

पण नीट बघा: २, १, ०. वरचे सहा बिट या सगळ्या खेळात शून्यच असतात. त्यातला एखादा कायम १ वर अडकला असेल तर रॉमला कळतं. कायम शून्यावर अडकला असेल तर अजिबात कळत नाही.

माझ्या मशीनवर नेमकं तेच झालं. छोटे प्रोग्रॅम सुरळीत, मोठा गेम चढवला की काही वेळाने रीसेट. म्हणून ‘क्लिअर ३२७६७’ करून ३२७६८ ते ६५५३५ पर्यंत आधी सगळीकडे १७० पोक केले (म्हणजे लिहिले), थोडं थांबलो, आणि मग वाचले. लिहिल्या लिहिल्या वाचू नका. पत्त्यांच्या तारा एकमेकींत अडकल्या असतील किंवा रिफ्रेश कमकुवत असेल तर ते तसं दिसणार नाही. बेसिकमध्ये याला बराच वेळ लागतो, पण निकाल स्वच्छ आला. ४५०५६ ते ४५१८३ या सलग १२८ पत्त्यांवर १७० ऐवजी १३८. फरक ३२ चा, म्हणजे बिट ५. सलग १२८ म्हणजे एका चिपमधला एक अख्खा स्तंभ गेलेला, कारण खालचे सात पत्ते ओळ निवडतात. १७० ऐवजी ८५ लिहून केलेली फेरी बिनतक्रार पार पडली, कारण ८५ मध्ये तो बिट मुळात शून्य असतो. तेव्हा दोन्ही आकड्यांनी तपासा. त्या पट्ट्यात लहान ए लिहिला की मोठा ए परत येत होता. डी५ च्या तारेवरची चिप बदलली आणि दोन्ही फेऱ्या निर्दोष गेल्या.

जागेपेक्षाही मला सुखावून गेला तो वेग. खालची १६के यूएलए (पडदा सांभाळणारी चिप) स्क्रीन काढण्यासाठी वापरते आणि त्या वेळात झेड८० ला थांबवून ठेवते. १६केच्या मशीनवर तुमचा मशीन कोड दुसरीकडे ठेवायला जागाच नसते. पडद्याच्या कडेवर, म्हणजे बॉर्डरवर, पट्टे काढणारं एक रूटीन ३०००० वरून ४०००० वर हलवलं, तर पट्टे डोळ्यांना जाणवतील इतके अरुंद झाले. एकही सूचना बदललेली नव्हती.

पुढचा बेत. १६के रॉम आणि ४८के रॅम मिळून झेड८० चे ६५५३६ पत्ते संपले. १२८केच्या स्पेक्ट्रमने यातून बँक बदलण्याची वाट काढली: ३२७६५ हा पोर्ट, आणि ४९१५२ पासून पुढे हवी ती १६के. माझ्याकडे मात्र आत्ताच ३२के झोपलेली आहे, कारण ४१६४ चा अर्धा भाग वापरातच नाही. लिंकच्या जागी एक फ्लिपफ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारा सर्किट) जोडून ती पोर्टवरून हलवली की १६ आणि दोनदा ३२, एकूण ८०के. अडचण अशी की स्टॅक आणि यूडीजी (वापरकर्त्याने बनवलेली चिन्हं) दोन्ही वरच्या भागात असतात. बँक बदलली की तेही पायाखालून जातील. स्टॅक ‘क्लिअर’ने खाली आणता येतो, यूडीजीचा पत्ता २३६७५ मध्ये बदलता येतो. पोर्टचं डिकोडिंग अजून ठरवलेलं नाही. केम्पस्टन जॉयस्टिक आणि इंटरफेस १ या बाहेरून जोडायच्या उपकरणांशी न भांडणारा पत्ता कुणी वापरला असेल तर जरूर सांगा.